पाण्याच्या कलाने : ताओ विचाराची ओळख

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या मधून जाणारा हूफडफार्ट कालवा पट्टी धरून रेघ ओढावी तसा सरळ आहे. त्याच्या काठाने कितीही चालले तरी वळण लागत नाही, चढ लागत नाही, उतारही लागत नाही. नदीकाठी वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. कृष्णेचा किंवा गोदावरीचा काठ असा कधीच नसतो. पण इथे नदी नव्हतीच. इथे सरोवर होते. हार्लेमरमेर नावाच्या, सुमारे १८,००० हेक्टर पसरलेल्या त्या सरोवराचा तळ म्हणजे आजचे हूफडॉर्प, त्याच्या भोवतीची शेते आणि शेजारचे स्किपॉल विमानतळ. घरे, शाळा, बाजार, रेल्वे स्थानक, सगळे समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली. कामानिमित्त पुण्या-मुंबईहून आलेली मराठी कुटुंबेही आता या तळावर संसार करतात. मुले सायकलने शाळेत जातात त्या रस्त्यावरून पावणेदोनशे वर्षांपूर्वी होड्या जात होत्या.

चीनमधल्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विचाराची ओळख करून देताना सुरुवात या डच गावापासून का करायची? कारण ताओ विचाराचा सर्वांत आवडता दृष्टांत पाण्याचा आहे, आणि माणसाने पाण्याशी घातलेला एक मोठा वाद याच भूमीवर उभा आहे. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या छोट्या ग्रंथात पाणी पुन्हा पुन्हा येते. ते मऊ असते, खालची जागा पसंत करते, कोणाशी भांडत नाही आणि तरीही कठीण खडक झिजवते. तुकोबांचा पुरातल्या लव्हाळ्याचा दृष्टांत ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्या मराठी वाचकाला हे लगेच पटते. पण हूफडॉर्पमध्ये उभे राहून तोच वाचक विचारील: पाण्याला त्याच्या मनाप्रमाणे वागू दिले असते, तर हे गाव असते का? ताओ म्हणजे सगळे सोडून देऊन स्वस्थ बसणे असेल, तर इथला प्रत्येक माणूस त्या विचाराच्या विरोधात जगतो आहे.

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर शोधताना ताओ विचाराबद्दलचा सर्वांत जुना गैरसमज गळून पडतो, म्हणून सुरुवात इथून.

हार्लेमरमेरला डच लोक ‘पाणलांडगा’ म्हणत. वाऱ्याच्या माऱ्याने त्याचे काठ दर वर्षी ढासळत आणि सरोवर शेते, गावे गिळत वाढत जाई. १६४१ साली यान लेघवाटर या गिरण्या बांधणाऱ्या कारागिराने १६० पवनचक्क्या लावून ते उपसण्याची योजना मांडली. त्याच्या आडनावाचा अर्थच ‘रिते पाणी’ असा होतो. योजना कागदावर राहिली. १८३६च्या नोव्हेंबरात वादळाने सरोवराचे पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत गेले आणि त्याच वर्षी नाताळात दुसऱ्या वादळाने ते लायडनपर्यंत लोटले. मग मात्र सरकार हलले. सरोवराभोवती सुमारे ६० किलोमीटर लांबीचा वळसा कालवा, रिंगफार्ट, माणसांनी फावड्यांनी खणला. तीन वाफेचे पंप बसवले: लेघवाटर, क्रुकियस आणि लिंडेन. सुमारे ८० कोटी घनमीटर पाणी उपसल्यावर जुलै १८५२मध्ये तळ उघडा पडला. पुढच्याच वर्षी तळाच्या मध्यावर, दोन मुख्य रेषा जिथे छेदतात तिथे क्राउसडॉर्प, म्हणजे चौकाचे गाव, वसले. १८६८मध्ये त्याचे नाव हूफडॉर्प झाले.

हा पाण्यावरचा विजय वाटतो. जवळ जाऊन पाहिले की चित्र बदलते.

क्रुकियसचे पंपघर आज संग्रहालय आहे, हूफडॉर्पहून सायकलने सहज जाता येईल इतक्या अंतरावर. गोल, किल्ल्यासारखी विटांची इमारत आणि तिच्या भिंतींतून चारी अंगांनी बाहेर डोकावणाऱ्या आठ लोखंडी तुळया. आत ३.६६ मीटर व्यासाचा वाफेचा सिलिंडर आहे. त्याहून मोठा वाफेचा सिलिंडर जगात कुठे उरलेला नाही. पण या अवाढव्य यंत्राचे काम ऐकले तर साधे आहे. तळातले पाणी रिंगफार्टच्या उंचीपर्यंत उचलून द्यायचे, एवढेच. तिथून पुढे पाण्याला समुद्राची वाट द्यायची असते. म्हणजे माणसाने फक्त तेवढाच भाग उचलला जो पाणी स्वतः करू शकत नाही. आणि हा उपसा एकदाचा झालेला नाही. खालून खारट पाणी झिरपत राहते, वरून पाऊस पडतो, म्हणून पंप पुढेही चालतच राहावे लागतात. या भागाचे पाणी राइनलंड जलमंडळ १३व्या शतकापासून सांभाळत आले आहे. पाण्याचा स्वभाव इतका जवळून ओळखणारी संस्था जगात विरळा.

हूफडॉर्पमध्येच आणखी एक साक्ष आहे. गावातून झेनीडाइक नावाचा बांध जातो आणि त्याला लागून एक किल्ला आहे. १९व्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमभोवती उभारलेल्या संरक्षणरेषेचा तो भाग. शत्रू आला तर तोफांच्या आधी पाणी सोडायचे, अशी ही योजना होती. तेही किती? साधारण गुडघ्याएवढे. त्यातून सैन्याला आणि गाड्यांना चालता येत नाही आणि नाव तरंगेल इतकी खोलीही मिळत नाही. पाण्याखाली कुठे चर आहे तेही दिसत नाही. मऊ आणि उथळ पाण्याने सैन्य अडवण्याची ही रेषा १९९६पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लाओत्सेला ती दाखवता आली असती तर त्याला समजावून सांगावी लागली नसती.

ताओ विचारातला मध्यवर्ती शब्द आहे ‘वू वेई’. अक्षरशः अर्थ ‘न करणे’. या शब्दार्थानेच सगळा घोळ केला. मराठीत मात्र त्याच्या जवळ जाणारा एक घरगुती वाक्प्रचार आहे: कलाने घेणे. हट्टी मुलाला कलाने घ्यावे, म्हाताऱ्या माणसाला कलाने घ्यावे, असे आपण म्हणतो. कलाने घेणारी आई काही करत नाही असे कोणी म्हणणार नाही. ती खूप काही करते, पण मुलाचा कल ओळखून, त्याच्या विरुद्ध दिशेने जोर न लावता. वू वेई म्हणजे जगालाच कलाने घेणे.

याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र च्वांगत्से या दुसऱ्या ताओ विचारवंताच्या ग्रंथात आहे. राजा वनह्वेईच्या मुदपाकखान्यात तिंग नावाचा एक आचारी बैल कापतो आहे. त्याच्या खांद्याची, पायाची, गुडघ्याची हालचाल नाचासारखी, सुरीचा आवाज तालात. राजा थक्क होतो. आचारी सांगतो की सुरुवातीला आपल्याला समोर पूर्ण बैल दिसायचा. तीन वर्षांनंतर तसा दिसेनासा झाला. आता डोळ्यांपेक्षा आतल्या जाणिवेने सुरी चालते. साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला, आणि याची सुरी १९ वर्षे नव्यासारखी आहे. कारण ती हाडावर पडतच नाही. सांध्यांत फटी असतात, धारेला जाडी नसते; बिनजाडीची धार फटीत शिरली की हिंडायला मोकळी जागा मिळते. पण गोष्टीतला नेमका ऐवज पुढे आहे. गुंतागुंतीचा सांधा आला की हा आचारी थांबतो, सावध होतो, नजर रोखतो, हात सावकाश करतो, आणि मग अगदी हलक्या हालचालीने मांस मातीचे ढेकूळ गळावे तसे सुटते.

तो थांबण्याचा क्षण वगळला तर वू वेई कळत नाही. जे सहज दिसते त्याच्यामागे वर्षांचा सराव आणि अवघड जागी घेतलेली खबरदारी असते. लाकडाची रेषा पाहून रंधा फिरवणारा सुतार, पिठाचा गोळा हाताला सांगेल तेवढेच पाणी घालणारी बाई, सुराला ढकलण्याऐवजी त्याच्यात बसणारा गवई, यांना हे शब्दांवाचून ठाऊक असते.

मराठी वाचकाजवळ या वाटेवरची आणखी एक शिदोरी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा जो उलगडा आहे, त्यात कर्माचे ओझे नाहीसे होऊन कर्म स्वभाव बनते ती अवस्था विनोबा समजावतात. ‘गीता प्रवचने’ वाचलेल्या माणसाला च्वांगत्सेचा आचारी परका वाटणार नाही. फरकही लक्षात ठेवायला हवा: विनोबांचे अकर्म ईश्वरार्पणाच्या आणि चित्तशुद्धीच्या वाटेने येते, तिंग आचारी कोणालाच काही अर्पण करत नाही, तो बैलाकडे पाहतो.

आता ग्रंथांकडे. चीन लहान-मोठ्या राज्यांत फुटला होता आणि ही राज्ये एकमेकांना गिळत होती, त्या युद्धखोर काळात, म्हणजे साधारण इसवी सनपूर्व ४७५ ते २२१ या शतकांत, हा विचार घडला. प्रत्येक राजा सल्लागार शोधत होता. कन्फ्यूशियसचे अनुयायी शिष्टाचार आणि नीती सांगत, कायदेवादी शिक्षा आणि बक्षीस. ताओवाद्यांनी विचारले की हे जे सगळे मिळून एवढे करताहेत, त्यातले किती दुखणे या करण्यामुळेच झाले आहे?

लाओत्से नावाचा एक माणूस खरोखर होऊन गेला की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. इतिहासकार सिमा छियान याने इसवी सनपूर्व १००च्या सुमारास त्याचे चरित्र लिहिले. त्यात तो चौ राजघराण्याचा ग्रंथपाल आहे. कन्फ्यूशियस त्याला भेटतो. शेवटी तो पश्चिमेकडे निघून जातो आणि सीमेवरच्या खिंडीतल्या अधिकाऱ्याच्या आग्रहावरून ग्रंथ लिहून ठेवतो. ग्रंथ जेमतेम ५,००० चिनी अक्षरांचा, ८१ प्रकरणांचा. तो किती जुना याचा पुरावा जमिनीतून आला. १९७३मध्ये चांगशाजवळ मावांगत्वेई इथे इसवी सनपूर्व १६८मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर होता. १९९३मध्ये हूपे प्रांतात क्वोत्येन इथे इसवी सनपूर्व ३००च्या सुमाराच्या बांबूच्या पट्ट्या निघाल्या आणि त्यांवर याच ग्रंथातले काही भाग होते. म्हणजे हा ग्रंथ एका रात्री एका हाताने उतरला नसावा. अनेक तोंडांतून, अनेक पिढ्यांत तो आकाराला आला.

च्वांगत्से वेगळाच. तो सोंग राज्यातला, लाखेच्या झाडांच्या एका बागेवरचा छोटा अधिकारी. लाओत्सेचा ग्रंथ सूत्रासारखा आवळलेला. च्वांगत्सेचा ग्रंथ गोष्टींनी खळखळणारा. फुलपाखराचे स्वप्न पाहून जागा झाल्यावर आपण माणूस की फुलपाखरू या कोड्यात पडलेला तो. वेडेवाकडे म्हणून कोणी तोडले नाही आणि त्यामुळेच हजारो बैलांवर सावली धरण्याइतके वाढलेले झाड दाखवणारा तो. नदीवरच्या पुलावर उभे राहून मासे आनंदात आहेत असे म्हटल्यावर, ‘तू मासा नाहीस, तुला काय कळणार?’ असे अडवणाऱ्या मित्राशी वाद घालणाराही तोच. त्याच्या नावाच्या ग्रंथाची आजची ३३ प्रकरणांची मांडणी क्वो श्यांग या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या भाष्यकाराची. त्यांतली पहिली सात प्रकरणे सर्वांत जुनी आणि बहुधा त्याच्याच हातची मानली जातात.

याच ग्रंथात हूफडॉर्पवर आक्षेप घेईल अशी एक गोष्ट आहे, आणि ती लपवून चालणार नाही. एक म्हातारा माळी विहिरीत उतरून, घडा भरून, वर येऊन वाफ्यांना पाणी घालतो. कन्फ्यूशियसचा शिष्य त्याला सुचवतो की एका टोकाला वजन असलेली आडवी दांडी बसवली तर दिवसाला शंभर वाफे भिजतील. माळी रागावतो, मग हसतो. असे यंत्र आपल्याला ठाऊक आहे, पण यंत्र आले की यंत्राची कामे येतात आणि त्यांच्यामागून यंत्राचे मन येते, असे तो म्हणतो. भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांनी आधुनिक तंत्रज्ञानाबद्दल लिहिताना ही गोष्ट सांगितली होती. क्रुकियसच्या आठ तुळयांसमोर उभे राहून ती आठवली की म्हाताऱ्याचे म्हणणे जुने वाटत नाही. ताओ विचारात यंत्राबद्दल हा संशय आहेच. आचारी आणि माळी हे दोघे एकाच पुस्तकात राहतात आणि पुस्तक त्यांचा वाद मिटवत नाही.

या विचाराशी भारताचा संबंध तेरा-चौदा शतकांचा आहे, आणि त्यात एक भांडण आहे. श्वेनत्सांग हा चिनी भिक्षू ६४१च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला होता. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवले. तो ६४५मध्ये मायदेशी परतला. कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात हवा असे कळवले होते, म्हणून ६४७मध्ये थांग सम्राटाने श्वेनत्सांगला ताओ पंडितांसोबत बसवून ते काम करायला सांगितले. पहिल्याच शब्दावर काम अडले. ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणायचे? ताओ पंडितांना ‘बोधि’ हवा होता. श्वेनत्सांग म्हणाला, ‘मार्ग’. बोधी म्हणजे जागृती, ती वेगळी गोष्ट. चिनी शब्दाचा अर्थ वाट असा आहे, तर संस्कृतातही वाटच हवी. वाद रंगला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. भांडणाची नोंद मात्र उरली आहे.

पंडितांची मागणी निराधार नव्हती. त्याआधी काही शतके चीनमध्ये बौद्ध ग्रंथ उतरवताना पहिल्या भाषांतरकारांनी ‘बोधि’साठी ‘ताओ’ आणि ‘निर्वाण’साठी ‘वू वेई’ हेच शब्द वापरले होते. ओळखीच्या शब्दांमुळे बौद्ध धर्म चीनमध्ये रुजला आणि त्याच शब्दांमुळे बराच काळ चुकीचाही समजला गेला. श्वेनत्सांगचा हट्ट यातून आलेला होता.

मराठी वाचकापुढचा धोका नेमका तोच आहे. आपल्याजवळ ब्रह्म आहे, शून्य आहे, सहज आहे, निर्गुण आहे. ताओ समोर आला की आपला हात या डब्यांकडे जातो आणि ताओ एका डब्यात बंद होतो. पण ताओ हे जगामागचे अविकारी तत्त्व आहे आणि जग माया आहे, असे लाओत्से कुठेही म्हणत नाही. त्याचा ताओ जगातच आहे: ऋतू बदलण्यात, रोप वाढण्यात, पोकळ असल्यामुळे भांडे उपयोगी पडण्यात. त्यासाठी ग्रंथात एक शब्द येतो, ‘त्झरान’, म्हणजे ज्याचे त्याचे तसे असणे. मराठीत त्याला सुंदर शब्द आहे आणि तो तत्त्वज्ञानाच्या पेटीतला नाही: आपसूक. फळ पिकले की आपसूक गळते. ग्रंथाला आपल्या मुशीत दाबून बसवण्यापेक्षा त्याच्या कलाने वाचले, की असे शब्द बोलण्यातूनच सापडतात.

तत्त्वज्ञानातून धर्मही उभा राहिला. परंपरेनुसार इसवी सन १४२मध्ये सिच्वानच्या डोंगरात चांग ताओलिंग याला लाओत्सेचे दर्शन झाले आणि ‘स्वर्गीय गुरूंचा’ पंथ सुरू झाला. पुढे मठ आले, विधी आले, दीर्घायुष्याचे आणि किमयेचे प्रयोग आले. थांग घराण्याचे सम्राट आपले आडनाव ली असल्यामुळे लाओत्सेला पूर्वज मानू लागले. १२२२मध्ये छ्यू छूची हा सत्तरी ओलांडलेला ताओ साधू हजारो मैल प्रवास करून हिंदुकुश परिसरात चंगीझ खानाला भेटला. खानाने अमरत्वाचे औषध मागितले. साधूने सांगितले की आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमर करणारे औषध नाही. जगातल्या सर्वांत भयंकर माणसाला इतके सरळ उत्तर देणे, हाही या परंपरेचा परिचय.

१४४५मध्ये मिंग काळात ताओ ग्रंथांचा प्रचंड संग्रह छापला गेला. सुमारे दीड हजार ग्रंथांचा. तो आधुनिक अभ्यासकांसाठी वाचनीय करण्याच्या कामात एका डच माणसाचा वाटा फार मोठा आहे. क्रिस्तोफर स्किपर १९६०च्या दशकात संशोधनासाठी तैवानला गेले. तैनान शहरात ताओ विधी जिवंत आहेत हे पाहून ते पुरोहितांजवळ शिकायला बसले आणि १९६८मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. बाहेरून पाहणाऱ्या पंडिताने विधीच्या आत बसून शिकावे, हे त्या काळी दुर्मीळ होते. पुढे पॅरिस आणि लायडनमध्ये त्यांनी शिकवले, फ्रान्सिस्कस वेरेलेन यांच्यासह संपूर्ण संग्रहाची चिकित्सक सूची २००४मध्ये प्रसिद्ध केली आणि २००७मध्ये च्वांगत्सेचा पूर्ण ग्रंथ डच भाषेत आणला. २०२१मध्ये ते गेले. त्यांच्या आधी लायडनच्याच यान यूलियस डुइव्हेंडाक यांनी १९४२ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, ‘ताओ ते चिंग’चे डच भाषांतर छापले होते. लायडन हूफडॉर्पहून आगगाडीने जवळच आहे. हूफडॉर्पच्या मराठी घरातल्या मुलाला च्वांगत्से मूळ चिनीतून शिकायचा असेल, तर युरोपातली एक उत्तम जागा त्याच्या दारापाशी आहे.

महाराष्ट्रात लाओत्सेचे नाव घराघरांत पोहोचले ते वेगळ्या वाटेने. १९७१ ते १९७५ या काळात मुंबईत आणि पुण्यात रजनीशांनी ‘ताओ ते चिंग’वर हिंदीतून दीर्घ प्रवचनमाला दिली, ती ‘ताओ उपनिषद’ या नावाने छापली गेली. कोरेगाव पार्कमधल्या आश्रमात ते ज्या घरात राहिले त्याचे नाव ‘लाओत्सू हाउस’ आणि तिथल्या सभागृहाचे नाव च्वांगत्सेवरून ठेवलेले. पुण्याच्या रस्त्यांवर युरोपातून आलेली तरुण मुले दिसू लागली ती याच वर्षांत. त्या प्रवचनांचे सामर्थ्य वादातीत आहे. पण ‘ताओ’पुढे ‘उपनिषद’ हा शब्द जोडताच श्वेनत्सांगचे भांडण पुन्हा उभे राहते. एका प्रतिभावान वाचकाचे ते वाचन आहे, मूळ ग्रंथ नव्हे. आणि आता मराठी वाचकाने मूळ ग्रंथाकडे जायला हवे.

प्रभावाची यादी लांब आहे, म्हणून थोडक्यात. ध्यान हा आपला शब्द चीनमध्ये ‘छान’ झाला, ताओ विचाराशी मिसळला आणि जपानात ‘झेन’ म्हणून ओळखला गेला. चिनी निसर्गचित्रांत धुक्याची कोरी जागा डोंगराइतकीच बोलते, ती याच दृष्टीने. बंदुकीच्या दारूचा शोध ९व्या शतकाच्या आसपास किमयेच्या प्रयोगांतून लागला. अमरत्व शोधताना मरणाचे साधन हाती आले. १९४७मध्ये डेन्मार्कचा मोठा सन्मान मिळाल्यावर पदार्थविज्ञानी नील्स बोर यांनी आपल्या मानचिन्हावर यिन-यांगचे वर्तुळ घेतले. नाझींपासून परागंदा झालेल्या बर्टोल्ट ब्रेख्ट यांनी १९३८मध्ये खिंडीतल्या लाओत्सेवर कविता लिहिली.

सर्वांत टिकाऊ खूण मात्र पाण्याच्या कामातच दिसते. चिनी पुराणकथेत पूर रोखायला कुन बांध घालतो आणि अपयशी ठरतो. त्याचा मुलगा यू पाण्याला वाटा खणून देतो आणि देश वाचतो. सिच्वानमध्ये इसवी सनपूर्व २५६च्या सुमारास ली बिंग या अधिकाऱ्याने मिन नदीवर दूजियांगयानची योजना उभारली. तिच्यात धरण नाही. नदीच्या पात्रात माशाच्या तोंडासारखा एक बांध घालून प्रवाह दोन भागांत वाटला आहे. पुराचे जादा पाणी आणि गाळ बाहेरच्या पात्राने जातो, शेतीचे पाणी आतल्या पात्राने. आजही ती लाखो हेक्टर भिजवते. २०००मध्ये ही योजना जागतिक वारशाच्या यादीत गेली ती शेजारच्या छिंगछंग पर्वतासह. तो ताओ धर्माच्या जन्मस्थानांपैकी एक.

नेदरलँड्समध्ये हे शहाणपण उशिरा आणि स्वतःच्या अनुभवातून आले. १९९५च्या पुरात नद्यांकाठच्या सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध आणखी उंच करत जाण्याऐवजी त्यानंतर ‘नदीला जागा’ नावाची योजना आखली गेली. तीसहून अधिक ठिकाणी पात्रे रुंद केली, बांध मागे घेतले. नाइमेखेनजवळ बांध ३५० मीटर आत सरकवला आणि नदीसाठी दुसरे पात्र खोदले. त्या अभियंत्यांनी लाओत्से वाचला असेल असे समजण्याचे कारण नाही. पण तिंग आचाऱ्यासारखे ते अवघड सांध्यापाशी थांबले, हे नक्की. २०१९चा सांगली-कोल्हापूरचा पूर पाहिलेल्या, पूररेषेच्या आत उभी राहणारी बांधकामे रोज पाहणाऱ्या मराठी वाचकाला यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको.

या विचाराच्या मर्यादाही ओळखीतच सांगायला हव्यात. श्युनत्से या कन्फ्यूशियसपंथीयाने च्वांगत्सेवर ठपका ठेवला की निसर्गाकडे पाहता पाहता तो माणसाला विसरला. लाओत्सेच्या ग्रंथात लोकांना फार जाणते करू नये असे सुचवणारी वचने आहेत, आणि कठोर शिक्षांचा पुरस्कर्ता हान फेई याने त्यांचा आधार घेतला. कल ओळखणे म्हणजे आहे तो अन्याय मुकाट स्वीकारणे, असा अर्थ जातीच्या उतरंडीखाली दबलेल्या समाजाने कधीही लावू नये. खालची जागा पसंत करणारे पाणी लाओत्सेला थोर वाटते. पण खाली ढकललेल्या माणसाला तीच शिकवण देणे हा त्या ग्रंथाचा गैरवापर आहे. लाओत्सेचे बोलणे बहुतांशी राजाला उद्देशून आहे: नम्र व्हायचे आहे ते सत्तेने. हान घराण्याच्या सुरुवातीच्या सम्राटांनी या प्रभावाखाली जमिनीचा कर उत्पन्नाच्या तिसाव्या भागापर्यंत उतरवला होता, हे त्या वाचनाचे योग्य फळ.

वाचायला सुरुवात कुठून करावी? लाओत्सेपासून नको. तो आवळलेला आहे. नवा वाचक त्यात आपलेच विचार भरतो. आधी च्वांगत्सेची पहिली सात प्रकरणे घ्यावीत, गोष्टी म्हणून वाचावीत, अर्थ काढण्याची घाई करू नये. च्वांगत्सेच्याच ग्रंथात एक चाके बनवणारा कारागीर ग्रंथ वाचत बसलेल्या राजाला सांगतो की हाताला जे कळते ते आपल्याला मुलालाही शब्दांत देता आले नाही, मग मेलेल्यांच्या पुस्तकात ते कसे उरेल? हा इशारा लक्षात ठेवून मग लाओत्सेकडे यावे. रोज एकच प्रकरण, आणि शक्य असेल तर दोन वेगळी भाषांतरे शेजारी उघडी ठेवून. जिथे दोन भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे थांबावे आणि ती जागा पुन्हा सावकाश वाचावी.